तीनशे वीस ग्रॅम मोड

हुरड्याचे दिवस जवळ आले की इतरांना गोवऱ्यांच्या आगटीचा वास आठवत असेल, भाजल्या कणसाचा, जवसाच्या चटणीचा. मला ओल्या पोत्याचा आठवतो. गच्चीवर पसरलेलं पोतं, त्याच्याखाली मोड फुटत असलेली ज्वारी, आणि पोतं उचललं की तोंडावर येणारी ती कोमट, गोडसर, जराशी कुजकी वाफ. वास आठवला की मी हात धुतो. हाताला काही लागलेलं नसतं, हे मला माहीत असतं.

सव्वा महिन्यापूर्वी अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अहमदपूरजवळच्या आमच्या गावी तो शेती करतो. मी उदगीरला डाळ मिलमध्ये नोकरी करतो. "विजू, ज्वारी पोटरीत आली," तो म्हणाला. "महिन्याभरात हुरडा निघंल." गडी मोटर चालू करत असावा, मागे पाण्याचा आवाज येत होता. "अन् ते करून राहिलास का औंदा?"

'ते' म्हणजे काय हे आम्हाला दोघांनाच कळतं. ते म्हणजे ज्वारीची बिअर. मी दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात घरी केली होती. त्यानंतर त्या शब्दाचा उच्चार आमच्या घरात झालेला नाही.

माझं काम मोजण्याचं आहे. तूर, हरभरा मिलवर आला की मूठभर नमुना घ्यायचा, यंत्रात ओलावा बघायचा, चाळून काडीकचरा काढायचा आणि घट किती धरायची ते सांगायचं. माल वाळतो, सांडतो, चाळणीतून जातो, उंदीर खातात. आणलेलं आणि उरलेलं यांच्यामध्ये जे नाहीसं होतं, ती घट. सव्वीस वर्षं मी त्या एका शब्दाच्या मागे आहे. घट कमी ठेवतो तो चांगला माणूस, अशी माझी साधी समजूत होती. घरीसुद्धा मी कोथिंबिरीच्या काड्या टाकू देत नाही. मंदा, माझी बायको, म्हणते, "अहो, तुमच्या चाळणीतून देवसुद्धा सुटायचा न्हाई."

अण्णा वाळत चालला, तेव्हा ती घट मात्र मला दिसली नाही. वर्षभर त्याचं पोट बिघडलेलं होतं. गावातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, कुणी काविळीचं पाणी दिलं. वहिनींनी आपल्या परीनं केलं. आमच्या लहानपणी घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी असे. चपाती पाहुण्याला आणि आजाऱ्याला. ती रीत वहिनींच्या हातात होती. माणूस अशक्त झालाय, मग त्याला मऊ चपाती करा, दुधात शेवया करा, गव्हाची लापशी करा. जितका अण्णा वाळला तितका त्याच्या ताटात गहू वाढला. नांदेडच्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून तपासलं आणि सांगितलं, यांना गहूच बाधतोय. आतड्याला गहू सोसत नाही. गहू बंद, रवा-मैदा बंद, जव बंद, जन्मभर. दवाखान्याच्या काट्यावर अण्णा सत्तेचाळीस किलो भरला. मी काटा दोनदा शून्यावर आणून बघितला.

वहिनी तिथंच बाकावर बसून राहिल्या. "मी माझ्या हातानं घातलं की हो भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, तुम्हाला काय माहीत होतं. किती सहज म्हणालो होतो ते.

आता बिअरचं सांगायला हवं. आम्ही दोघं भाऊ पिणारे नाही. पण वर्षातून चार-पाच रविवार, हुरड्याच्या मोसमात, मी उदगीरहून एक बाटली घेऊन जायचो. शेतातल्या गोठ्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. त्या आखाड्यापुढं आगटी पेटायची, अण्णा गरम कणसं तळहातावर चोळून हुरडा पाडायचा, आणि दोन स्टीलच्या पेल्यांत ती एक बाटली निम्मी-निम्मी व्हायची. निम्मी म्हणजे निम्मी, मी ओतत असल्यामुळं. वर्षभरात आम्ही एकमेकांशी जे बोलायचो ते बहुतेक त्या चार-पाच रविवारी. बिअर जवाची होते. डॉक्टरांनी जव बंद सांगितला आणि पहिल्या रविवारी अण्णानं त्याचा पेला पालथा घातला. "माझ्या वाटची तू पी," म्हणाला. मीही प्यालो नाही. हुरडा खाल्ला, आणि आम्हाला बोलायला काही सुचेना. दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, "कशाला येतोस एवढ्या लांब. पेट्रोल जाळून."

त्या वाक्याची मला भीती वाटली. माणूस हळूहळू एकेक गोष्ट पालथी घालत जातो, हे मी आमच्या वडलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

मग मी वाचायला लागलो. ज्वारीची बिअर होते, बाजरीची होते, नाचणीची होते. ज्या धान्याला मोड येतात त्याच्यात गोडी उतरते, आणि ज्याच्यात गोडी आहे ते आंबतं. रंगाला बीट चालतं, रताळ्यानं बिअरला दाटपणा येतो. ज्यात गव्हाचा कणही नाही अशी बाटली माझ्या हातानं करून मी अण्णापुढं ठेवू शकत होतो. परवान्याशिवाय घरी असं काही करणं कायद्याला धरून नाही, हेही वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक नियम वाचला आणि वहीत लिहिला नाही.

भांडं हमीदभाईंनी करून दिलं. हमीदभाई आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि त्यांच्या आजोबांपासून घर उदगिरातच. स्टीलच्या पिंपाला खाली तोटी बसवायची होती.

"भाऊ, पाण्याला का दुधाला?"

"बिअरला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तौबा! अन् माझ्या हातून करून घेऊन राहिले?" मग म्हणाले, "गुनाह निम्मा-निम्मा. पण झाळ पक्की देतो. गळणार न्हाई. गळलं तर तो गुनाह येगळा."

भिंतीपलीकडून भाभी म्हणाल्या, "शब्बोला रताळ्याची सालं ठेवा म्हणावं." शब्बो त्यांची शेळी. काळी, एका कानावर पांढरा ठिपका. आमच्या घरातली सगळी सालं, देठं, चोथा तिच्याकडं जायचा. त्यामुळं काही वाया जात नाही, याचं मला समाधान होतं.

पहिला घाणा मार्गशीर्षात केला. पाच किलो ज्वारी. दीड दिवस भिजवली, पाणी चार वेळा बदललं, चार दिवस पोत्याखाली ठेवली. कडक ऊन होतं. तीन दिवसांत खडखडीत वाळली. मिलमधलं यंत्र आणून ओलावा बघितला, साडेअकरा. वजन चार किलो पाचशे पन्नास. मग चाळली तर वाळलेले मोड आणि मुळ्या आपोआप गळून चाळणीखाली पडल्या. वजन चार किलो दोनशे तीस. म्हणजे तीनशे वीस ग्रॅम नुसते मोड गेले. कागदावर पसरून मी त्यांच्याकडे बघत बसलो. पांढरट, बारीक, कुरकुरीत. पाच किलोत तीनशे वीस. मला ते सहन झालं नाही, पण पडले ते पडले. मंदानं झाडून कचऱ्यात टाकले.

ती बिअर चांगली झाली. बिटानं लालसर रंग आला होता, फेस बेताचा. कडवटपणासाठी टपालानं मागवलेली वाळकी फुलं उकळीत घातली होती. अण्णानं पेला नाकाशी नेला, घोट घेतला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. "मायला, विजू. निव्वळ आपल्या भाकरीचा वास हाय की रे." त्या रविवारी आम्ही अंधार पडेस्तोवर बोललो. विहिरीचं, ऊसवाल्यांचं, वडलांचं. एक गोष्ट सोडून सगळं.

ती एक गोष्ट आम्ही चार दशकं सोडतच आलो होतो. मी आठ वर्षांचा असेन. खरिपाची ज्वारी कापून झाली होती आणि परतीच्या पावसानं धसकटांना हिरवे पोंगे फुटले होते. चंद्री नावाची आमची गाय दावणीला हंबरत होती. समोर एवढं हिरवं आणि ती कडब्यावर, मला तिची दया आली. मी दावं सोडलं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं की कोवळ्या पोंग्यांत विष असतं, गुरांना त्यानं किराळ लागतं. मलाही सांगितलेलं असणार. अर्ध्या तासात चंद्री पाय झाडत पडली, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या. वडील कासरा घेऊन आले तेव्हा अण्णा पुढं झाला आणि म्हणाला, "म्या सोडली." त्यानं मार खाल्ला. मी कडब्याच्या गंजीमागं उभा राहून मोजत होतो. अकरा. मोजायची सवय तिथून लागली असेल का, याचा मी कधी विचार केलेला नाही, आता करतोय.

दुसरा घाणा पौषात. त्या वर्षी पौषात आभाळ भरून राहिलं. सूर्य दिसायचा तो दुधात पडलेल्या नाण्यासारखा. हरभऱ्यावर घाटे अळी आली, तुरीची फुलं गळाली. मिलवर येणारा प्रत्येक माणूस आभाळाकडे बघून मग माझ्याकडे बघायचा, जणू ते मीच झाकलं होतं. गच्चीवरची ज्वारी वाळेना. मोड नखाएवढे लांब झाले, काहींना हिरवं टोक आलं. शेवटी मी ती पंख्याखाली, मग लोखंडी कढईत मंद आचेवर वाळवली. ओलावा बारा. वजन चार किलो सहाशे.

या वेळी चाळली नाही. मोडासकट दळून आणली. तीनशे वीस ग्रॅम वाचवले. वहीत तसं लिहिलंही: 'मोड ठेवले. घट नाही.' खाली रेघ मारली.

उकळताना पाणी आटू नये म्हणून निम्मा वेळ झाकण ठेवलं. तीही घटच. मंदा स्वयंपाकघरात आली आणि कपाळ धरून परत गेली. "कसला हो वास हा? डोकं चढलं माझं." मी खिडकी उघडली. फुलं टपालात अडकली होती, म्हणून या खेपेस कडवट काही घातलंच नव्हतं. दहा दिवस कोठीच्या अंधाऱ्या खोलीत पिंपाच्या नळीतून पाण्यात बुडबुडे येत राहिले, कुणी तरी खाली बसून थांबून थांबून श्वास घेतंय असे. बाटल्या भरताना मी चमचाभर चाखली. वहीत लिहिलं: 'कडूपणा: वाढला. कारण: ?'

त्या प्रश्नचिन्हाकडे मी दुसऱ्यांदा बघितलं नाही. इतकी वर्षं मिलमध्ये मी दुसऱ्याच्या मालातलं एकही प्रश्नचिन्ह सोडलं नव्हतं.

आंबण सुरू असतानाच तिसऱ्या घाण्याची ज्वारी पोत्याखाली टाकली होती. आभाळ तसंच. बाटल्या पंधरा दिवस मुरल्या आणि एका शुक्रवारी मी सहा बाटल्या नेऊन अण्णाच्या आखाड्यावर ठेवल्या. मला परत यायचं होतं, म्हणून बसलो नाही. "रविवारी येतो, तवर एखादी उघडून बघ," म्हणालो. शनिवारी सकाळी गच्चीवर गेलो तर मधल्या काळात दुर्लक्ष झालेल्या त्या तिसऱ्या ज्वारीला बोटभर हिरवे कोंब आले होते. बिअरच्या कामाची राहिली नव्हती. टाकून कशी देणार? मी ती पोत्यात भरून खाली आणली आणि परसाच्या भिंतीवरून शब्बोपुढं ओतली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. किती चवीनं खात होती.

मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा भाभींचा आवाज आला. नुसता आवाज, शब्द नव्हते. मी भिंतीवरून वाकलो. शब्बो आडवी पडून पाय झाडत होती. तोंडाला फेस. बरगड्या भात्यासारख्या. हमीदभाई तिचं तोंड फाकवून गुळाचं पाणी ओतत होते आणि तिच्या हिरड्या लालभडक दिसत होत्या. बादलीतल्या गुळाच्या पाण्यात एक कोंब तरंगत होता.

"काय टाकलं हो भाऊ?" हमीदभाई वर न बघता म्हणाले.

"ज्वारी. मोडाची ज्वारी."

आता त्यांनी वर बघितलं. वेल्डिंग करणारा माणूस, सात पिढ्यांत शेती नाही. "किराळ लागतं की हो त्यानं," ते हळू म्हणाले. "तुम्ही शेतकऱ्याचे ना?"

मला शब्बोचा शेवटचा श्वास दिसला नाही. मला वहीतली ओळ दिसत होती. मोड ठेवले. घट नाही.

अण्णा फोन उचलेना. वहिनी लेकीकडे नांदेडला गेलेल्या होत्या. तो एकटा होता, शेतात होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, अकराव्यांदा. हमीदभाईंनी गुरांच्या डॉक्टरला लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. डॉक्टर म्हणाले, मोडाचं पीठ उकळलं असेल तर विष बरंचसं वाफेत उडून गेलं असणार. मी विचारलं, बरंचसं म्हणजे किती? ते म्हणाले, ते कसं सांगणार. झाकण ठेवलं होतं का?

उदगीर ते आमचं शेत, मोटारसायकलनं सव्वा तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पुरुषभर उंच, कणसं भरलेली, वाऱ्याशिवाय निश्चल. जन्मभर जी खाऊन मोठा झालो ती. मी तिच्याकडे एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होतो, ज्याच्याबद्दल नुकतंच काही कळलं आहे. पोंग्यातल्या विषाची गोष्ट मला ठाऊक होती, हे त्या सव्वा तासात मला पुरतं कळलं. ती मी डोक्यातल्या शेताच्या कप्प्यात ठेवली होती. गच्चीवर पोत्याखाली तेच कोवळे कोंब येत होते, आणि मी त्यांचा ओलावा मोजत होतो.

आखाड्यापुढं बाजेवर अण्णा पडलेला होता. थंडीत कपाळावर घाम. तोंड उघडं. बाजेखाली एक रिकामी बाटली, दुसरी अर्धी, पेल्यात बिटाचा लाल गाळ. मी हाक मारली नाही. छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. मिनिटाला सव्वीस श्वास. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं. चोवीस.

"काय मोजून राहिलास?" डोळे न उघडता अण्णा म्हणाला.

मी तिथंच मातीत बसलो. "किती प्यालास?"

"दीड. भाकरीसंगं." तो कुशीवर वळला. "ओकलो. डोस्कं गरगरलं. आता उतरलंय. कामून रडतूस?"

मी गुळाचं पाणी करून दिलं. त्याला उठवून अहमदपूरला नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, नाडी बघितली, सोडलं. पण त्याआधी, पाणी पिता पिता, मी त्याला विचारलं होतं, कडू नाही का लागली?

अण्णानं पेला खाली ठेवला. "वास आला होता. पहिल्याच घोटाला," तो म्हणाला. "चंद्रीच्या तोंडाला येत होता, त्योच."

इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदा आमच्यामध्ये आलं.

"मग प्यालास कामून?"

"तू केली होतीस." तो म्हणाला. "फोन करून पुसलं असतंस, कशी झाली. काय सांगणार होतो? पुन्यांदा दावं सोडलंस म्हणून?"

उरलेल्या बाटल्या मी बांधाला नेऊन ओतल्या. लाल फेस मातीवर बराच वेळ तसाच राहिला. घरी येऊन हमीदभाईंपुढं उभा राहिलो तर त्यांनी आधी अण्णाचंच विचारलं. मग म्हणाले, "निम्मा गुनाह माझा हाय भाऊ. भांडं म्याच केलं होतं." मी म्हणालो, भांडं गळलं नाही. भाभी बरेच दिवस भिंतीजवळ आल्या नाहीत. त्यांच्याकडची रिकामी खुंटी आमच्या गच्चीवरून दिसते. मी घेऊन दिलेली दुसरी शेळी त्यांनी ठेवून घेतली, पण आमच्याकडची सालं ती खात नाही. म्हणजे भाभी तिला खाऊ देत नाहीत.

अण्णाचं ते उत्तर मी अनेक तऱ्हांनी तपासून बघितलं आहे. त्याला भावाचं मन मोडायचं नव्हतं, हे एक. दुसरंही असू शकतं. सत्तेचाळीस किलोचा माणूस, ज्यानं एकेक पेला पालथा घालायला सुरुवात केली होती, त्यानं वास ओळखून घोट घेतला आणि मग दुसरी बाटली उघडली. या दोनांत कोणतं किती, ते मला मोजता येत नाही. त्याला विचारायचं धाडस नाही. सहाही बाटल्या त्यानं संपवल्या असत्या तर, हे गणितही मी करून बघितलं आहे. उत्तर लिहिलेलं नाही.

गेल्या वर्षी हुरड्याला गेलो, रिकाम्या हातानं. अण्णा भरला आहे आता, पंचावन्न किलो. गहू सुटल्यावर माणूस परत आला. पण आगटीपाशी आम्ही बसलो आणि चंद्री आमच्यामध्ये बसली. उठताना तो म्हणाला होता, "पेट्रोल जाळून येतोस." म्हणून या वर्षी त्यानं स्वतःहून विचारलं तेव्हा मी ज्वारी भिजत घातली. मंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "करायचीच असंल तर त्यांना इथं बोलवा. तुमच्या एकट्याच्या मोजण्यावर माझा भरवसा न्हाई."

अण्णा एसटीनं आला. या वर्षी ऊन आहे. वाळलेली ज्वारी आम्ही गच्चीवर पोत्यावर घेतली आणि तो हुरडा चोळतो तशी दोन्ही तळहातांत चोळायला लागला. मीही. प्रत्येक मूठ तो नाकाशी नेत होता. मी विचारलं, येतो का वास? तो म्हणाला, "वाळल्यावर कुठं येतो." आणि पुढची मूठही नाकाशी नेली. तीनदा चोळली, तीनदा चाळली, सुपात पाखडली. मोडांचं वजन केलं. तीनशे चाळीस. वहीत लिहिलं: 'घट ३४० ग्रॅम.' मग मोड पुरायला परसात खड्डा काढला. मी दोन फूट म्हणालो. अण्णा भिंतीपलीकडच्या शेळीकडे बघत म्हणाला, "तीन कर." उकळताना झाकण ठेवलं नाही. मंदा दारात उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

गेल्या रविवारी बाटली घेऊन गेलो. एकच. आखाड्यापुढं आगटी, कणसं, दोन पेले. मी माझी अट सांगितली: पहिला पेला माझा, तासभर थांबायचं, मग तुझा.

"येडा हायस का?"

"ही अट मान्य नसेल तर ओतून टाकतो."

मी सगळा पेला एका दमात प्यालो. बरी होती, भाकरीचा वास होता. कडू होती, पण या वेळी फुलं घातली होती. फुलांचं कडू कुठं संपतं, ते मला कळेना. अण्णानं त्याचा पेला भरून दगडावर ठेवला, हात लावला नाही. आगटीत कणसं तडतडत होती आणि कुणी ती काढत नव्हतं. पोट भरलं होतं, ऊन कोवळं होतं, मी बाजेवर आडवा झालो आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला माहीत नाही. छातीवर काहीतरी जड वाटलं. पापण्या किलकिल्या करून बघितलं तर अण्णाचा हात होता. तो वाकून माझ्याकडे बघत होता, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पुढं सरकत होता. ओठ हलत होते. अण्णाला हिशोब कधी जमला नाही. शाळेत पाढ्यांसाठी तो रोज अंगठे धरून उभा असायचा.

"किती झाले?" मी विचारलं.

"गप पड," तो म्हणाला. "चुकलो की पुन्यांदा पहिल्यापासून मोजावं लागतं."